चार घोडे आणि शाळेचं गेट

तुमच्या शाळेला सरकतं लोखंडी गेट आहे का? बिजागरीवर झुलणारं नव्हे, खाली रूळ असतो ते. उचलायचं म्हटलं तर चार माणसांना घाम फुटेल. पण पहिलीतला एखादा बारक्या दोन्ही हात लावून रेटतो, आणि ते कुरकुरत का होईना, निघतं! असं कसं?

हा प्रश्न खिशात ठेवा आणि त्र्यंबकहून जरा नाशिकला चला. आजच्या नव्हे, तुमच्या खापरपणजोबांच्या नाशिकला. आगगाडीने आलेला यात्रेकरू नाशिकरोड स्टेशनात उतरला की गाव अजून आठेक किलोमीटर दूर. मग तो ट्राममध्ये बसायचा. हो, नाशिकला ट्राम होती! १८८९ च्या सुमारास सुरू झाली. थेट मेन रोडपर्यंत यायची. इंजिन नव्हतं, पुढे चार घोडे. दोन रुळांमधलं अंतर जेमतेम अडीच फूट. ज्याला त्र्यंबकच्या कुशावर्तावर यायचंय त्याने मात्र तिथे उतरून टांगा बघावा, बैलगाडी बघावी, नाहीतर सरळ चालू पडावं.

माणसांनी भरलेले डबे चार घोड्यांना ओढवायचे कसे? उत्तर तुमच्या स्वयंपाकघरात आहे. परातीत कणीक पसरा आणि त्यावर गोटी सोडा. वीतभर जाऊन थांबेल. तीच गोटी फरशीवर सोडा, पलंगाखाली जाऊन हरवेल. पिठात गोटी रुतते. तिला सतत स्वतःच केलेल्या खड्ड्यातून वर चढावं लागतं. मातीच्या रस्त्यावर गाडीच्या चाकाचं तेच होतं. लोखंडी रुळावर लोखंडी चाक मात्र रुततच नाही म्हणा ना. म्हणून ट्राम पळते, आणि म्हणूनच बारक्या गेट ढकलतो.

या ट्रामचा सल्लागार अभियंता होता एव्हरार्ड कॅलथ्रॉप. आपल्या बार्शीची छोटी रेल्वे बांधली तोच. या गृहस्थांना घोड्यांचं भलतंच वेड. अरबी घोडे पाळले, घोड्यांवर पुस्तक लिहिलं, आणि मध्येच वैमानिकांसाठी पॅराशूटही बनवून टाकलं! अशा माणसाशी माझी गट्टी जमली असती.

नाशिकची ट्राम १९३० नंतर दोन-चार वर्षांतच बंद पडली. मुंबईत ९ मे १८७४ ला घोड्यांची ट्राम धावली, १९०७ पासून विजेची, आणि ३१ मार्च १९६४ ला शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला गेली. संपलं.

आता गंमत बघा. त्याच १९६४ साली इंग्लंडमधल्या क्रिच नावाच्या गावात विजेची ट्राम सुरू झाली. नवी नव्हे हं, भंगारात निघालेली! झालं असं, की १९४८ साली साउथॅम्प्टन शहरातल्या ट्राम मोडीत निघणार होत्या. शेवटची फेरी मारायला काही ट्रामवेडे जमले. त्यांची नजर ४५ नंबरच्या ट्रामवर गेली. त्यांनी ती चक्क दहा पौंडांना विकत घेतली. ठेवायची कुठे, चालवायची कुठे, काही ठरलेलं नव्हतं. (आईला न विचारता कुत्र्याचं पिल्लू घरी आणलंय कधी? तसंच.) या ट्रामला वर छप्पर नाही, आणि वरच्या मजल्यावर माणसं मधोमध पाठीला पाठ लावून बसतात. कारण शहरातली जुनी वेस ठेंगणी होती. कडेला बसलं असतं तर कमानीवर डोकं आपटलं असतं!

पुढे १९५९ मध्ये या ट्रामवेड्यांना क्रिचची पडीक दगडखाण मिळाली. तिथे त्यांनी फावडी घेतली, ठिकठिकाणचे उखडलेले रूळ आणून स्वतः अंथरले. पगार शून्य. कुणी शिक्षक, कुणी कारकून, सुट्टीच्या दिवशी हजर.

जुनी ट्राम जिवंत करणं म्हणजे सोपं काम नाही. काही डबे तर लोकांच्या बागेत अडगळीची खोली झालेले सापडतात. रंग खरवडावा तर एकाखाली दुसरा, दुसऱ्याखाली तिसरा, कांद्यासारखा. भाग बाजारात मिळत नाही, मग लाकडी साचा करून नवा ओतायचा. आणि चाकं? चाकावर पोलादी कडं चढवायचं असतं. ते चाकापेक्षा किंचित लहान करतात, खूप तापवतात, ते फुगलं की चाकावर बसवतात. थंड झालं की आवळून धरतं. आपले लोहार बैलगाडीच्या चाकावर धाव अशीच चढवतात की!

मग वीज. घरी पंख्याला दोन तारा लागतात. ट्रामच्या डोक्यावर मात्र एकच, सहाशे व्होल्टची. दुसरी कुठे गेली? थांबा, लगेच खाली वाचू नका.

ती पायाखाली आहे. वरून आलेली वीज मोटारीतून जाते, चाकातून रुळात उतरते आणि रुळानेच परत जाते.

क्रिचमध्ये आत शिरताना तुमच्या हातावर एक जुनं नाणं ठेवतात, पेनी. ती ट्राममधल्या वाहकाला द्यायची. तो तिकीट देणार, त्यावर दिवसभर कितीही चकरा मारा. वाहकही हौशी, चालकही हौशी. पावसात रूळ ओला झाला की चाक घसरतं, ब्रेक लावला तरी गाडी सरकत राहते. म्हणून चालकाकडे वाळू असते. पायाने कळ दाबली की चाकापुढे रुळावर वाळू पडते आणि चाकाला पकड मिळते.

म्हणजे चालायला रूळ गुळगुळीत हवा आणि थांबायला खरखरीत! पटत नसेल तर शाळेच्या गेटच्या रुळात चिमूटभर वाळू टाकून बघा. पण आधी शिपाईकाकांना विचारा. नंतर ती झाडायला तेच येणार आहेत, आणि तेलाचा डबाही त्यांच्याकडेच असतो.