पिनांचे सांधे आणि त्यांची परिभाषा

कल्याणच्या पुढे लोहमार्गाचे दोन फाटे होतात : एक विठ्ठलवाडीकडे, दुसरा शहाडकडे. गाडी कोणीकडे जाईल, हे सांधा ठरवितो. संगणकाच्या चिपमधील पिनेचेही तसेच आहे. तीच पिन कधी संदेशवहनास, कधी साधा दिवा लावण्यास जोडता येते, आणि जोडणी चुकल्यास क्वचित जळतेही. लिनक्स या कार्यप्रणालीत ही जोडणी ‘डिव्हाइस ट्री’ नामक वर्णनात लिहितात. तेथे रजिस्टरचा नुसता अंक लिहिला, तर तो एका चिपपुरताच सार्थ राहतो व त्यातील चूक वाचणाऱ्यास दिसत नाही. उलट ‘बायस-पुल-अप’ किंवा मिलिअँपिअरमध्ये सांगितलेली ‘ड्राइव्ह-स्ट्रेंग्थ’ ही पदे अनेक उत्पादकांच्या चिपना चालतात. त्यांचे अंकांत रूपांतर ड्रायव्हर करतो. कारक व विभक्तिप्रत्यय यांतील भेद जाणणाऱ्यास यात नवल वाटू नये. एखाद्या उत्पादकाचे खास पद अपरिहार्य झालेच, तर त्यास त्या उत्पादकाच्या नावाचा उपसर्ग लावावा, असा संकेत आहे.