रॉकेट जाळणारी हवा एक्स-रेही अडवते, म्हणून दुर्बीणच वर न्यावी लागते

2 एप्रिल 2022. गुढीपाडव्याची संध्याकाळ. विदर्भाच्या आकाशात जळते गोळे रांगेत सरकताना दिसले आणि लोकांनी भराभर व्हिडिओ काढले. थोड्या वेळाने कळलं, चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूची भलीमोठी रिंग पडलीये. जवळच पवनपारला एक गोळाही सापडला. अभ्यासकांच्या मते हे चीनच्या लाँग मार्च 3बी रॉकेटचे अवशेष होते. त्याचा बराचसा भाग वरच जळून गेला होता. जाळला कुणी? हवेने.

हीच हवा आणखी एक काम करते. अवकाशातून येणारे एक्स-रे, म्हणजे क्ष-किरण, ती जमिनीपर्यंत पोहोचूच देत नाही. आपल्या तब्येतीसाठी हे बरंच आहे. पण कृष्णविवरात पडणारा वायू प्रचंड तापतो आणि एक्स-रे फेकतो. ते बघायचे तर गडचिरोलीच्या जंगलातली काळीकुट्ट रात्रही कामाची नाही. यंत्र हवेच्या वरच न्यावं लागतं.

जून 1962 मध्ये रिकार्डो जिआकोनी यांच्या गटाने अमेरिकेत एरोबी रॉकेटवर गायगर काउंटर बसवून सोडले. हवेच्या वर मिळाली जेमतेम पाच-सहा मिनिटं. रॉकेट स्वतःभोवती फिरत होतं, त्यामुळे काउंटर आपोआप आकाशभर नजर टाकत होते. शोधायला गेले होते चंद्रावरून येणारे एक्स-रे, सापडला वृश्चिक राशीतला एक जबरदस्त स्रोत. जिआकोनींना पुढे 2002 चं नोबेल मिळालं.

पण काउंटर फक्त मोजतो. चित्र हवं असेल तर आरसा लागतो आणि खरी पंचाईत तिथेच आहे. साध्या आरशावर समोरून पडलेला एक्स-रे परत फिरत नाही, आत शिरून जिरतो. तळ्यात दगड वरून टाकला की बुडतो, चपटा दगड आडवा मारला की टप्पे घेत जातो. एक्स-रेचंही तसंच. म्हणून आरसे किरणांना जवळपास समांतर ठेवतात.

मुंबईच्या टीआयएफआरमध्ये अशीच दुर्बीण तयार झाली, एसएक्सटी. सोन्याचा थर दिलेले 320 पातळ पत्रे, कांद्याच्या पापुद्र्यांसारखे एकात एक. रॉकेट सुटताना जी थरथर होते, त्यात हे पत्रे जागचे हलून चालणार नव्हते. कॅमेऱ्याची चिप उणे 80 अंशांच्या आसपास थंड ठेवायची. आणि थंड वस्तूवर काय होतं? फ्रिजमधल्या बाटलीवर पाणी धरतं तसं यानातून निघणारी वाफ तिच्यावर बसते. तेवढा थरही मऊ एक्स-रे गिळायला पुरतो. म्हणून 28 सप्टेंबर 2015 ला पीएसएलव्हीने अॅस्ट्रोसॅट वर नेल्यावर कॅमेऱ्याचं दार जवळपास महिनाभर बंदच होतं.

इतकं करूनही सगळं सुरळीत होतंच असं नाही. अॅस्ट्रोसॅटवर टीआयएफआरचंच दुसरं यंत्र आहे, लॅक्सपीसी. त्यात झेनॉन वायू भरलेले तीन डिटेक्टर. एकाचा वायू गळत राहिला आणि 2018 मध्ये तो बंद करावा लागला. 650 किलोमीटर वर जाऊन वायू भरणार कोण?