तोफाबंदुकांच्या नांवांतील आंकडे

संस्थानी शिलेखान्यांच्या एकोणिसाव्या-विसाव्या शतकांतील याद्या वाचतांना हत्यारांच्या नांवांपुढें आंकडे आढळतात. ते सारे एकाच मापाचे समजल्यास हत्याराची ओळख व कागदाचा काळ हीं दोन्ही चुकतात. म्हणून त्यांचा उलगडा येथें करीत आहों.

इंग्रजी रिवाजानें ‘बारा पौंडी’ तोफ म्हणजे जिचा भरीव गोळा सुमारें १२ पौंडांचा, ती. ‘बारा बोअर’ची बंदूक मात्र निराळी. एक पौंड शिशाच्या १२ सारख्या गोळ्या ओतल्या असतां त्यांतील एक जिच्या नळीच्या व्यासाची भरेल, ती ही बंदूक. आंकडा एकच, परंतु पहिलीचा गोळा दुसरीच्या गोळीहून १४४ पट जड! शिवाय बोअरचा आंकडा वाढला कीं नळी बारीक होते. १२ बोअरचा व्यास ·७२९ इंच, तर २० बोअरचा ·६१५. छऱ्याच्या ·४१० बंदुकीचा आंकडा तेवढा अपवादानें इंचाचाच आहे.

पुढें रायफलींचा व्यास इंचांत सांगूं लागले. १८५३ च्या नमुन्याची एनफील्ड ·५७७ ची. जुन्या हिशेबानें तीच नळी सुमारें २४ बोअरची होते.

जोड-आंकड्यांत घोटाळा अधिक. ब्रिटिश सैन्यानें १८७१ सालीं स्वीकारलेल्या मार्टिनी-हेन्रीचें काडतूस ·५७७/४५० : म्हणजे ·५७७ च्या पुंगळीचें तोंड आवळून तींत ·४५० ची गोळी बसविलेली. अमेरिकेच्या १८७३ च्या ·४५-७० मध्यें ७० हें काळ्या दारूचें ग्रेनांतील वजन. तर ·३०-०६ मधील ०६ हें १९०६ सालाचें चिन्ह. जर्मन ७·९२×५७ मधील दुसरा आंकडा पुंगळीची मिलिमीटरांतील लांबी दाखवितो. ब्रिटिश ·३०३ हें नळींतील उंचवट्यांमधील अंतर होय. तिची गोळी मोजल्यास सुमारें ·३११ इंच भरते.

यावरून कालनिर्णयासहि मदत होते. ज्या यादींत ·३०-०६ चा उल्लेख आहे, ती १९०६ पूर्वींची असणें शक्य नाहीं. उलट, नुसत्या ‘१२’ वरून कांहींच ठरत नाहीं; सोबतच्या गोळ्यांची संख्या व वजन, दारूचा खर्च, तोफेचा गाडा यांच्या नोंदी पाहाव्या लागतात. म्हणून संग्राहकांस आमची विनंति अशी कीं, असे कागद छापतांना मूळ आंकडा जसाच्या तसा ठेवावा, आणि आपला अर्थ टीपेंत निराळा द्यावा.