रिकाम्या काट्यावरचं शून्य

जळगावातल्या पोराने जावास्क्रिप्ट शिकायला घेतली की पहिला हिशेब केळीचाच सुचणार. दोन गाड्यांचं वजन विचारायचं आणि बेरीज सांगायची. एका गाडीत २५ क्विंटल, दुसरीत ३०. प्रोग्रॅमचं उत्तर येतं: २५३० क्विंटल!

प्रश्न विचारणाऱ्या ‘प्रॉम्प्ट’च्या चौकटीत काहीही टाइप केलं तरी जावास्क्रिप्टच्या हाती पडतो तो मजकूर. दोन मजकुरांमध्ये अधिकचं चिन्ह आलं की ती त्यांना शेजारीशेजारी चिकटवते. गुणिले आलं, की त्याच मजकुराचा मुकाट्याने आकडा करते. ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली या भाषेचा पहिला नमुना दहा दिवसांत उभा केला. अडून न बसता जमेल तसं निभावून नेणं हा तिचा स्वभाव, आणि नवशिक्याची फसगत नेमकी तिथेच होते.

उपाय सोपा वाटतो: ‘नंबर’ हे फंक्शन वापरून मजकुराचा आकडा करायचा. पण चौकट कोरी ठेवली तर ‘नंबर’ शून्य देतं, आणि रद्द करण्याचं बटण दाबलं तरी शून्यच. रिकाम्या काट्यावर शून्य दिसलं म्हणून मापाडी शून्य क्विंटलची पावती फाडत नाही. तेव्हा चौकटीत काही लिहिलं आहे का, हे आकडा करण्याआधीच पाहायचं.

‘पार्सफ्लोट’ आणखी मनमिळाऊ. ते डावीकडून कळेल तेवढं वाचतं आणि पुढचं सोडून देतं. ‘२५ क्विंटल’ लिहिलं तर पंचवीस मिळतात, हे सोयीचं. पण धुळ्याच्या व्यापाऱ्याने सवयीने स्वल्पविराम देऊन ‘१,२०,०००’ लिहिले, तर हाती येतो एक. एक लाख वीस हजारांचा एक रुपया, आणि कुठे तक्रारही नाही! ‘नंबर’ इथे निदान ‘नॅन’, म्हणजे ‘हा आकडा नव्हे’, असं सांगून मोकळं होतं.

हा नॅनही विचित्र प्राणी. तो स्वतःच्याही बरोबरीचा नसतो. वजन शून्याहून कमी किंवा ३०० क्विंटलांहून जास्त असेल तर नाकारा, अशी अट घातली तरी नॅन आरामात आत शिरतो, कारण तो कशाहून कमीही नसतो आणि जास्तही नसतो. म्हणून आधी ‘नंबर.इझफायनाइट’ने खरा आकडा आहे ना ते तपासायचं, मगच मर्यादा लावायच्या.

आतापर्यंतचे आकडे इंग्रजी अंकांत टाइप केले असं धरलं; मराठी कळफलकावरून ‘१२५’ आले तरी नॅनच, कारण जावास्क्रिप्टला फक्त इंग्रजी अंक कळतात. युनिकोड या अक्षरांच्या क्रमांकयादीत इंग्रजी शून्याचा क्रमांक ४८ आणि देवनागरी शून्याचा २४०६. पुढचे अंक दोन्हीकडे ओळीने. प्रत्येक देवनागरी अंकाच्या क्रमांकातून २३५८ वजा केले की काम झालं. शेतकऱ्याला ‘चुकीची नोंद’ म्हणून हिणवण्यापेक्षा या दोन ओळी लिहिलेल्या बऱ्या.

अंकांनी लिहिलेलं सगळंच मोजमाप नसतं. जळगावचा दूरध्वनी संकेतांक ०२५७. त्याचा आकडा केला की पुढचं शून्य गळून २५७ उरतात. ज्याची बेरीज करायची नाही, ते मजकूर म्हणूनच जपावं आणि अंक किती आहेत ते मोजावं.

अशा क्रमांकांच्या तपासणीचा सुंदर नमुना खानदेशातूनच देशभर गेला. २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातली पहिली आधार क्रमांकपत्रं वाटली गेली ती नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत. १९९८ पर्यंत हा भाग धुळे जिल्ह्यातच होता. आधारच्या बारा अंकांतला शेवटचा अंक आधीच्या अकरांवरून डच गणिती व्हेरहूफ यांच्या रीतीने काढलेला असतो. एखादा अंक चुकला किंवा शेजारच्या दोन वेगळ्या अंकांची अदलाबदल झाली, तर हिशेब जुळत नाही आणि चूक जागेवर सापडते.

केळीच्या वजनाला असा राखणदार अंक नसतो. पंचवीसच्या जागी बावन्न टाइप झाले तर ते आकडा म्हणून खरे आणि मर्यादेतही बसणारे. तिथे प्रोग्रॅमने एवढंच करावं: पावती छापण्याआधी ‘५२ क्विंटल, बरोबर ना?’ असं विचारावं. काटा पाहिलेला माणूस समोरच उभा असतो.