पितळेच्या ताटलीतलं आकाश

चंदीगडला गेलात तर सेक्टर १ मध्ये, विधानसभा आणि हायकोर्ट यांच्या मधल्या पटांगणात काँक्रीटचा एक मनोरा दिसेल. नाव 'टॉवर ऑफ शॅडोज', म्हणजे सावल्यांचा मनोरा. ऊन नेमकं कसं अडवता येतं, हे दाखवण्यासाठी वास्तुकार ल कार्बुझिए यांनी तो आखला. त्यासाठी या गावात कोणत्या ऋतूत, कोणत्या तासाला सूर्य किती वर असतो याचं गणित हवं. पंजाबात हे गणित चारशे वर्षांपूर्वीच पितळेच्या ताटलीवर कोरलं जात होतं!

ही ताटली म्हणजे अ‍ॅस्ट्रोलेब. संस्कृतात यंत्रराज. कल्पना मूळ ग्रीकांची, वाढवली अरबांनी. फिरोजशाह तुघलकाच्या दरबारातले जैन मुनी महेंद्रसूरी यांनी १३७० मध्ये त्यावर 'यंत्रराज' हा संस्कृत ग्रंथ लिहिला.

वापरायची रीत मोठी गमतीची. यंत्र कडीला धरून लोंबतं ठेवायचं. मागच्या फिरत्या पट्टीच्या दोन भोकांतून तारा हेरायचा. (दिवसा सूर्याकडे बघायचं नाही, एका भोकातला कवडसा दुसऱ्यावर पाडायचा.) तारा क्षितिजापासून किती अंश वर आहे ते कडेवर वाचायचं. मग पुढची जाळीदार चकती फिरवून त्या ताऱ्याचं टोक तेवढ्याच उंचीच्या रेषेवर आणायचं. झाली वेळ! नमाजाची वेळ, मुहूर्त, सूर्योदय, अगदी मिनाराची उंचीसुद्धा यावरून काढत.

ही यंत्रं बनवण्यात मोगलांच्या काळात लाहोरचा हात कुणी धरू शकत नव्हतं. तिथल्या उस्ताद अल्लाहदादच्या घराण्यानं चार पिढ्यांत शंभराहून अधिक अ‍ॅस्ट्रोलेब घडवले. कारागीर नावापुढे 'हुमायूनी' लावत, ते हुमायून बादशहाशी असलेल्या नात्यामुळे असावं. आकाशाचे पोकळ गोल तर ते एकाच ओतकामात, सांधा न ठेवता काढत. पुढे १८४० च्या दशकात लाहोरच्याच लाला बुल्होमल यांनी फारसीत आणि संस्कृतात, दोन्ही प्रकारची यंत्रं कोरली. मुसलमान उस्तादांनी नावारूपाला आणलेलं कसब हिंदू कारागिराच्या हातातही तितकंच शोभलं. मात्र तोवर खिशातली घड्याळं आली होती.

जाळीखाली असतो अक्षांशाचा पत्रा. गाव बदललं की पत्राही बदलायचा. लाहोरचा पत्रा मुंबईत लावलात तर २१ जूनचा सूर्योदय तो तब्बल सत्तावीस मिनिटं लवकर सांगेल. चंदीगडमध्ये चूक होईल जेमतेम दोन मिनिटांची. लाहोर साडेएकतीस अंशांवर, चंदीगड पावणेएकतीसच्या आसपास!

१९४७ मध्ये लाहोर पाकिस्तानात गेलं, भारतातल्या पंजाबला राजधानी उरली नाही, म्हणून तर चंदीगड वसवलं गेलं. १९४८ मध्ये लाहोर म्युझियमच्या वस्तूंचीही साठ-चाळीस अशी वाटणी झाली. भारताच्या वाट्याची गांधार शिल्पं आज चंदीगडच्या सेक्टर १० मधल्या म्युझियममध्ये आहेत. अल्लाहदाद घराण्याची यंत्रं मात्र ऑक्सफर्डपासून शिकागोपर्यंत पांगली. खुद्द अल्लाहदादनं १५६७ मध्ये घडवलेलं यंत्र पाहायचं तर हैदराबादचं सालारजंग म्युझियम गाठायला हवं.