गुन्हे घटले की तक्रारी?

२०२० च्या करोना लॉकडाऊनचा विषय निघाला की नवी मुंबईतल्या सीवूड्सच्या सोसायट्यांमध्ये एक वाक्य हमखास कानावर येतं : ‘त्या वर्षी बायकांवरचे गुन्हे उलट कमी झाले. सरकारी आकडा आहे.’ बोलणारा खोटं बोलत नसतो, हीच पंचाईत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार देशात महिलांवरचे गुन्हे २०१९ मध्ये चार लाख पाच हजारांवर होते. २०२० मध्ये ते ३,७१,५०३ झाले. घट ८.३ टक्के. मुलांवरचे गुन्हे तर १३ टक्क्यांनी घटले.

पण हा आकडा मोजतो काय? पोलीस ठाण्यात लिहिला गेलेला गुन्हा. घरात उठलेला हात नव्हे.

त्याच २०२० मध्ये राष्ट्रीय महिला आयोगाकडे २३,७२२ तक्रारी आल्या, आधीच्या सहा वर्षांतल्या सर्वाधिक. त्यांतल्या घरगुती हिंसाचाराच्या सुमारे ५,३०० होत्या. २०१९ मध्ये अशा तक्रारी तीन हजारांच्या आत होत्या. एका वर्षात पोलिसांचा आकडा खाली आणि आयोगाचा वर! कोडं अवघड नाही. ठाण्यात जावं लागतं, आयोगाला ईमेल करता येतो. १० एप्रिल २०२० पासून तर व्हॉट्सअॅपही करता येत होतं.

आणि ठाण्यात किंवा माहेरी जायचं तरी कसं? मार्चअखेर सामान्य प्रवाशांची लोकल बंद झाली. मुंबईच्या उपनगरी गाड्या सर्व महिलांसाठी खुल्या झाल्या त्या २१ ऑक्टोबरला, त्याही ठरावीक वेळांपुरत्या. शेजारच्या दरावे-करावे गावांतून घरकामाला येणाऱ्या बायकांना सोसायट्यांची गेटं बंद झाली. पगार गेला, आणि दिवसातून चार तास घराबाहेर पडायचं निमित्तही गेलं. पोलीसही नाकाबंदीत गुंतलेले. सरकारी आदेश मोडल्याच्या, तेव्हाच्या भारतीय दंड संहितेच्या कलम १८८ खालच्या गुन्ह्यांचा देशभरातला आकडा २०१९ मध्ये तीस हजारांच्या आत होता, तो २०२० मध्ये सहा लाखांच्या पुढे गेला.

मुळात, महामारी नसतानाही किती बायका बोलतात? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या बायकांपैकी जेमतेम १४ टक्क्यांनी मदत मागितली होती. ७७ टक्के बायकांनी मदत मागितली नाही आणि कुणाला सांगितलंही नाही. स्वतः वापरता येईल असा मोबाइल होता ५४ टक्के बायकांकडे. नवरा दिवसभर शेजारच्या खोलीत असताना त्यावरून बोलायचं कसं, हा प्रश्न वेगळाच.

यावरही कुणी म्हणेल की आयोगाच्या तक्रारी प्रसिद्धीमुळे वाढल्या असतील. शंका रास्त आहे. म्हणून रवींद्रन आणि शहा या अर्थतज्ज्ञांचा ‘नेचर ह्युमन बिहेव्हियर’मधला अभ्यास पाहावा. त्यांनी कडक निर्बंधांचे रेड झोन जिल्हे आणि सैल निर्बंधांचे ग्रीन झोन जिल्हे यांची तुलना केली. मे २०२० मध्ये घरगुती हिंसाचाराच्या तक्रारींमधली वाढ रेड झोनमध्ये १३१ टक्क्यांनी जास्त होती. बलात्कार आणि लैंगिक अत्याचाराच्या तक्रारी मात्र तिथे कमी झाल्या. प्रसिद्धी तर सगळीकडे सारखीच होती. नवी मुंबईचा बराचसा भाग ज्यात येतो तो ठाणे जिल्हा रेड झोनमध्येच होता.

आता बाकीच्या समजुती. ‘सगळं दारूमुळे.’ दारूने मार वाढतो, हे खरं. पण महाराष्ट्रात दारूची दुकानं मेच्या सुरुवातीपर्यंत बंद होती, तक्रारी बंद नव्हत्या. ‘हे चाळीत, झोपडपट्टीत चालतं, टॉवरमध्ये नाही.’ पैशाबरोबर प्रमाण कमी होतं, शून्य होत नाही. ‘मुलं घरात म्हणजे सुरक्षित.’ बाललैंगिक अत्याचाराच्या दहापैकी नऊहून अधिक गुन्ह्यांत आरोपी मुलाच्या ओळखीचा असतो, आणि घरातलं बिनसलेलं ज्यांच्या लक्षात येतं त्या शिक्षकांची शाळा तेव्हा बंद होती. हे करोनापुरतंही नाही : इबोलाच्या साथीत सिएरा लिओनमध्ये शाळा बंद पडल्या, तेव्हा किशोरवयीन मुलींमधली गर्भारपणं वाढली. ‘साथ गेली, विषय संपला.’ २०२१ मध्ये आयोगाकडच्या तक्रारी तीस हजारांवर गेल्या.

‘एवढा त्रास होता तर ती निघून का गेली नाही?’ हा प्रश्न सगळ्यांत चीड आणणारा. बाईनेच का जायचं? २००५ च्या घरगुती हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखाली न्यायदंडाधिकारी पुरुषाला घराबाहेर राहण्याचा आदेश देऊ शकतात. एप्रिल २०२० मध्ये पुणे जिल्हा परिषदेने तर बायकोला मारणाऱ्याची रवानगी संस्थात्मक विलगीकरणात करू, असं जाहीर केलं होतं.

आणि ‘दुसऱ्यांच्या घरात आपण कसं पडायचं’ म्हणणाऱ्या शेजाऱ्यांसाठी : याच कायद्याच्या कलम ४ प्रमाणे संरक्षण अधिकाऱ्याला कुणीही कळवू शकतं, आणि सद्हेतूने माहिती देणाऱ्यावर कसलीही जबाबदारी येत नाही. पोलिसांसाठी ११२, महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८. भिंतीपलीकडून आवाज आला, तर टीव्हीचा आवाज वाढवण्याआधी यातला एक नंबर फिरवा.