न परतलेल्या वैमानिकांचा शोध

युद्धकाळात घरी येणाऱ्या तारांचे दोन प्रकार असत. एका तारेत मृत्यूची वार्ता असे, दुसरीत ‘बेपत्ता’ एवढाच शब्द. पहिली तार आली म्हणजे घर रडून मोकळे होई आणि दिवस घातले जात. दुसरीने मात्र ना सुतक, ना सुटका. दूधगंगेकाठच्या सदलग्यापासून निपाणी-चिकोडीपर्यंतचा टापू हा बेळगावच्या मराठा पलटणीच्या केंद्राजवळचा. फौजेतली नोकरी आणि फौजेतून येणारे कागद यांची ओळख या मुलखाला जुनी आहे. परंतु पलटणीतला शिपाई पडतो तो बहुधा साथीदारांच्या देखत. लढाऊ विमानाच्या वैमानिकाचे तसे नसते. तो एकटाच बसलेला असतो, ताशी शेकडो मैलांच्या वेगाने जात असतो, आणि झुंज जुंपली की क्षणार्धात सोबत्यांच्या नजरेआड होतो. विमान पडते ते बहुधा शत्रूच्या मुलखात किंवा समुद्रात. मागे उरते ती तळावरच्या नोंदवहीतील एक ओळ: अमुक वाजता उड्डाण केले, परतला नाही.

त्या एका ओळीपासून संशोधकाचे काम सुरू होते. पहिले सूत्र असे की, एकाच बाजूचे कागद पाहून निर्णय करू नये. आपल्या नोंदवहीत विमान कोठे दिसेनासे झाले ते असते, आणि शत्रूच्या नोंदवहीत त्याच दिवशी, त्याच भागात कोणी कोणते विमान पाडल्याचा दावा केला ते असते. ही दोन टोके जुळली म्हणजे धागा हाती येतो. मात्र दाव्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही. १५ सप्टेंबर १९४० रोजी ब्रिटिश विमानदलाने १८५ जर्मन विमाने पाडल्याचे जाहीर केले होते. युद्धानंतर जर्मनांचे कागद तपासले तेव्हा खरा आकडा साठाच्या आसपास निघाला. यात लबाडी होती असे नव्हे. एकाच पेटत्या विमानावर तिघांनी गोळ्या झाडलेल्या असतात आणि तिघेही प्रामाणिकपणे ते आपलेच समजतात.

घड्याळाचीही अडचण असते. भारत आणि पश्चिम पाकिस्तान यांच्या वेळेत अर्ध्या तासाचे अंतर, म्हणून एकच झुंज दोन दप्तरांत दोन वेळांना घडलेली दिसते. ज्याने हे ध्यानात घेतले नाही, तो एका झुंजीच्या दोन झुंजी करतो. कागद संपले की जमिनीकडे वळावे लागते. तेथे कामास येतात ते अवशेषांवरील क्रमांक, दफनभूमीची नोंदपुस्तके आणि गावातील म्हाताऱ्यांच्या आठवणी. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटिश विमानदलाने यासाठी एक स्वतंत्र खातेच चालवले. सुमारे ४२ हजार बेपत्तांपैकी निम्म्याहून अधिकांची थडगी १९५० च्या अखेरीपर्यंत निश्चित झाली होती. ज्यांचा कोठेच ठाव लागला नाही अशा वीस हजारांवर वायुसैनिकांची नावे लंडनजवळील रनीमीड येथील स्मारकावर कोरलेली आहेत.

या कथेत मराठी नाव फार लवकर येते. मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर हे पहिल्या महायुद्धात लढाऊ विमान चालवणाऱ्या मोजक्या हिंदी तरुणांपैकी एक. तेविसाव्या स्क्वाड्रनचे हे लेफ्टनंट २७ जून १९१८ रोजी फ्रान्समधील आघाडीवर ‘डॉल्फिन’ जातीचे विमान घेऊन गेले आणि परतले नाहीत. ते जखमी अवस्थेत जर्मनांच्या हाती पडले होते, व तीनच दिवसांनी, ३० जून रोजी, त्यांचा अंत झाला. जर्मन लेखनिकाला परके नाव नीट लिहिता आले नाही, त्यामुळे थडग्याची ओळख पटण्यास युद्ध संपल्यावरही काळ जावा लागला. एका अक्षराच्या चुकीने माणूस हरवतो तो असा. आज त्यांचे थडगे सोम प्रांतातील हँगार्ड या खेड्याच्या दफनभूमीत आहे.

परंतु संशोधनाने काय साधते याचे सर्वांत बोलके उदाहरण कर्नाटकातीलच आहे. कोडगूचे स्क्वाड्रन लीडर अज्जमाडा बोप्पय्या देवय्या हे ७ सप्टेंबर १९६५ च्या पहाटे आदमपूरच्या तळावर राखीव वैमानिक म्हणून सज्ज होते. पहिल्या स्क्वाड्रनची ‘मिस्टेअर’ विमाने पाकिस्तानातील सरगोधा तळावर हल्ल्यासाठी निघाली. त्यांतील एक गळाल्यामुळे देवय्या त्या तुकडीत सामील झाले. हल्ला करून परतताना या विमानांच्या मागे एक ‘स्टारफायटर’ लागले. त्याचे वैमानिक होते फ्लाइट लेफ्टनंट अमजद हुसेन. स्टारफायटरचा वेग आवाजाच्या दुप्पट, मिस्टेअरचा त्याच्या निम्माही नाही. बाकीची विमाने सुखरूप परतली, देवय्या परतले नाहीत. काय झाले ते कोणीच पाहिले नव्हते. दप्तरात त्यांची नोंद ‘बेपत्ता’ अशी झाली, आणि ती तशीच राहिली.

चौदा वर्षे लोटली. १९७९ साली जॉन फ्रिकर या इंग्रज लेखकाचे १९६५ च्या हवाई युद्धावरील पुस्तक प्रसिद्ध झाले. ते पाकिस्तानी विमानदलाच्या सहकार्याने लिहिलेले होते. त्या सकाळी अमजद हुसेन यांनी एका मिस्टेअरवर मारा केला व ते संपले असे समजून ते पुढे गेले. परंतु घायाळ झालेले ते विमान पडले नव्हते. त्याने उलट वळून झुंज दिली आणि आपल्या तोफांनी स्टारफायटरच निकामी केले. अमजद यांना हवाई छत्रीने उडी घ्यावी लागली, ते मिस्टेअरही कोसळले. ही हकीकत त्या पुस्तकात होती, पण मिस्टेअरचा वैमानिक कोण हे पुस्तकाला ठाऊक नव्हते. ते ठरवण्यास भारतीय नोंदवहीतील ती एकच ओळ पुरेशी होती: सरगोध्याहून न परतलेले मिस्टेअर एकच, आणि ते देवय्यांचे.

सामान्य विमान घेऊन त्या काळच्या अतिवेगवान विमानाला लोळवणाऱ्या या वैमानिकाची थोरवी शत्रूच्या साक्षीने सिद्ध झाली. तरीही तेवढ्याने काम भागले नाही. त्यांचे त्या वेळचे प्रमुख ओ. पी. तनेजा यांच्यासारख्या अधिकाऱ्यांना पाठपुरावा करावा लागला. १९८८ साली, म्हणजे तेवीस वर्षांनी, देवय्यांना मरणोत्तर महावीरचक्र जाहीर झाले आणि ते त्यांच्या पत्नीने स्वीकारले. गावकऱ्यांनी त्यांचा देह तेथेच शेतात पुरला होता, हेही पुढे कळले. २०२५ च्या जानेवारीत या घटनेवर बेतलेला हिंदी चित्रपटही पडद्यावर आला. चित्रपट म्हटला की थोडे मीठमसाला आलाच. मूळ हकीकतीला त्याची गरज नव्हती.

प्रत्येक धागा असा शेवटास जातो असे मात्र नाही. फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे डिसेंबर १९७१ च्या पहिल्या आठवड्यात शोरकोटच्या तळावरील हल्ल्यात सुखोई विमानासह नाहीसे झाले. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे या राष्ट्रीय बॅडमिंटनविजेत्या, अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. विवाहाला दोन वर्षेही झाली नव्हती. युद्धाच्या पहिल्याच दिवसांत डाक्क्याच्या एका इंग्रजी वृत्तपत्राने पकडलेल्या भारतीय वैमानिकांत ‘टॉम्बे’ असे नाव छापले. वेलिणकरांच्या बाबतीत जे घडले तेच येथे दिसते, नाव ओळखीचे आणि अक्षरे चुकीची. फरक एवढाच की तेथे त्या अक्षरांमागे थडगे सापडले. येथे पाकिस्तानने असा कोणी कैदी आपल्याकडे नाही असेच सांगितले. तांबे यांचे नाव परत न आलेल्या ५४ जणांच्या यादीत आहे. जून २००७ मध्ये या यादीतील चौदा नातेवाइकांना पाकिस्तानातील तुरुंग पाहू दिले गेले. तेथून रिकाम्या हातांनी ते परत आले.